धीर हवा असलेल्याला कोणतं आत्मचरित्र द्यावं?

मी वाचनालयाच्या काउंटरवर बसते. ‘ताई, धीर येईल असं काहीतरी द्या’ म्हणत कुणी आलं, की आधी विचारावं: रात्री झोप लागते का? लागत नसेल तर सलग वाचावं लागणारं पुस्तक नको.

अशा वेळी ‘स्मृतिचित्रे’ काढा. 1895 साली नवरा ख्रिस्ती झाला, संसार फुटला. तरी लक्ष्मीबाई टिळक वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाबद्दल अशा काही सांगतात, की हसू आवरत नाही. कुठलंही पान उघडा, चालतं.

दया पवारांचं दलित आत्मकथन ‘बलुतं’ (1978) सांत्वनासाठी देऊ नका. त्यात दगडू पवार आपली कहाणी दया पवारांना ऐकवतो, दोघं एकच. ज्याने राग गिळून ठेवलाय त्याच्यासाठी ते आहे.

मानसोपचारतज्ज्ञ व्हिक्टर फ्रँकलचं नाझी छळछावणीवरचं ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ (1946) सगळेच सुचवतात. पातळ आहे, पण दुःख ताजं असताना त्यातला जगण्याचा ‘अर्थ’ उपदेशासारखा टोचतो. काही महिने जाऊ द्या. मग छावणीचा भाग आधी वाचायला सांगा, त्याच्या उपचारपद्धतीचा राहिला तरी बिघडत नाही.

आणि ‘कसं वाटलं ते सांगा हं’ असं मुळीच म्हणू नका. परतीची तारीख तेवढी लांबची टाका.