सॉकेटमधलं रीडिंग दर वेळी वेगळं येतंय? असं तपासा

टेस्टर पेटतो, पण मिक्सर फिरत नाही. मल्टिमीटरवर एकदा २३० व्होल्ट, थोड्या वेळानं त्याच भोकांत ११०. लगेच बोर्ड उघडू नका. पुष्कळदा वायरिंग नव्हे, मोजणंच फसवं असतं.

आधी मीटरचीच परीक्षा घ्या. नॉब एसी व्होल्टच्या मोठ्या रेंजवर हवा. लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली तर सरळ शॉर्ट होतो, म्हणून तेही पाहा. बॅटरी उतरली की स्वस्तातले मीटर वाढीव आकडे दाखवतात. ज्या सॉकेटवर फ्रिज नीट चालतो, तिथं पहिलं रीडिंग घ्या. पुढचे आकडे त्याच्याशी ताडायचे. नव्या सॉकेटांत शटर असतं, प्रोब म्हणजे मीटरच्या वायरीचं टोक नीट टेकत नाही आणि आकडा नाचतो.

आता संशयित सॉकेट. समोरून पाहताना वरचं मोठं भोक अर्थिंगचं, उजवीकडे फेज (करंट आणणारी वायर), डावीकडे न्यूट्रल (परतीची वायर). पायात कोरडी चप्पल हवी, प्रोबच्या धातूला बोट नको. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या पावसात भिंत पाझरत असेल तर हे काम पुढे ढकला. तीन आकडे घ्या आणि कागदावर लिहा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ.

सगळं ठीक असेल तर पहिले दोन २३० च्या आगेमागे आणि तिसरा दोन-चार व्होल्ट येतो.

फेज-न्यूट्रल २३०, पण फेज-अर्थ ६०, ९०, १२० असा भटकत असेल तर अर्थिंगची वायर बहुधा तुटलेली आहे किंवा जोडलेलीच नाही. बेळगावातल्या शहापूर, वडगावसारख्या जुन्या वस्तीतल्या घरात तीन पिनांचं सॉकेट नंतर बसवलेलं असेल, तर मागं वायरी दोनच आहेत का ते विचारा. शेजारच्या फेजमुळं मोकळ्या वायरीत नावापुरता दाब (व्होल्टेज) येतो आणि डिजिटल मीटर तोही दाखवतो.

फेज-न्यूट्रल शून्य, आणि टेस्टर दोन्ही भोकांत पेटतो? न्यूट्रल तुटलाय. चालू ठेवलेल्या उपकरणातून फेज पलीकडं येतोय. सगळ्या पिना काढा. दुसऱ्या भोकातला टेस्टरचा उजेड गेला तर निदान पक्कं. न्यूट्रल-अर्थ २३० आणि फेज-अर्थ शून्य आलं तर वायरी उलट जोडल्यात. उपकरण चालेल, पण बटण बंद केल्यावरही आत करंट राहील.

खरी परीक्षा लोडची. त्याच बोर्डावर इस्त्री लावून पुन्हा मोजा. २३० चे २२२ झाले तर चालतं. १८० वर आलं, बोर्ड तापला, जळका वास आला तर कुठंतरी जोड ढिला आहे. ते सॉकेट बंद ठेवा. पण संध्याकाळी अख्ख्या घरात आणि शेजारीही दाब उतरत असेल तर दोष तुमच्या बोर्डात नाही. चिकोडी-निपाणी पट्ट्यात उसाच्या मोटारी सुरू झाल्या की हे होऊ शकतं. हेस्कॉमकडे, म्हणजे इथल्या वीज कंपनीकडे, १९१२ वर तक्रार करा. थ्री-फेज घरात काही दिवे फार प्रखर आणि काही मंद झाले, तर मात्र मोजत बसू नका, आधी मेन पाडा.

इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही सॉकेटमध्ये करंट असतो. शिवाय स्क्वेअर-वेव्ह इन्व्हर्टरवर साध्या मीटरचा आकडा चुकतो, त्यामुळं लाईट गेलेली असताना रीडिंग घेऊच नका.

फेज आणि अर्थमध्ये १०० वॅटचा बल्ब लावून अर्थिंग पाहण्याची पद्धत सर्रास आहे. मला ती पटत नाही. अर्थिंग तुटलेलं असेल तर त्या बल्बमधून, सामाईक अर्थ वायरीवाटे, फ्रिजच्या पत्र्यावर करंट येतो. आणि मीटरवर फेज-अर्थ २३० दिसलं म्हणून अर्थिंग चांगलं ठरत नाही: एप्रिल-मेमध्ये अर्थिंगचा कोळसा-मिठाचा खड्डा कोरडा पडला तरी मीटर तेच दाखवेल. त्यासाठी अर्थ टेस्टर, म्हणजे अर्थिंगचा रोध मोजणारं वेगळं यंत्र, लागतो. परवानाधारक वायरमनला तो घेऊनच यायला सांगा आणि आल्यावर आकड्यांचा कागद त्याच्या हातात द्या.