जुन्या डेस्कटॉपचा प्रोसेसर बदलायचा की नाही, हे कसं ठरवायचं

पीसी स्लो झाला की पहिला संशय प्रोसेसरवर जातो आणि दुकानात गेलं की बोर्ड (मदरबोर्ड, ज्यावर सगळे भाग बसतात), रॅम, प्रोसेसर सगळं नवीन असं कोटेशन हातात मिळतं. पैसे घालण्याआधी नेमकं अडतंय कुठे ते बघा, त्याला एक रुपया लागत नाही.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्स टॅबवर जा आणि ज्या कामाला पीसी अडकतो तेच काम चालू करा. डिस्क १०० टक्क्यांवर आणि सीपीयू (म्हणजेच प्रोसेसर) २०-३० वर असेल तर प्रोसेसर बदलून काडीचा फरक पडणार नाही, हार्ड डिस्क काढून एसएसडी (चिपवर डेटा ठेवणारी वेगवान डिस्क) टाका. मेमरी कायम ९० च्या वर असेल तर रॅम वाढवा. माझ्या मते ज्या पीसीत अजून विंडोज हार्ड डिस्कवर आहे त्याच्या प्रोसेसरचा विचारच करू नका, आधी एसएसडी, मग बाकीचं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. सीपीयूचा आकडा २५ टक्के दिसतोय म्हणजे प्रोसेसर मोकळा आहे असं नसतं, कारण इंटेलच्या जुन्या आय३ मध्ये २ कोअर (काम करणारे भाग) आणि ४ थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) असतात आणि सॉफ्टवेअर एकाच थ्रेडवर चालत असेल तर तो थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा २५ च्या आसपासच राहतो. म्हणून सीपीयूच्या ग्राफवर राइट क्लिक करून लॉजिकल प्रोसेसर्सवाला व्ह्यू लावा, म्हणजे प्रत्येक थ्रेडचा वेगळा चौकोन दिसतो. सगळे चौकोन भरलेले दिसले, समजा व्हिडिओ एक्स्पोर्ट करताना, तर जास्त कोअरचा प्रोसेसर घेऊन खरंच फायदा होईल. एकच भरलेला असेल तर नुसते कोअर वाढवून उपयोग नाही, वेगवान कोअर लागतो आणि तो बहुतेकदा पुढच्या जनरेशनमध्येच मिळतो.

आता बोर्ड. स्टार्टमध्ये सिस्टिम इन्फर्मेशन उघडलं की बेसबोर्डच्या ओळीत बोर्डचं मॉडेल दिसतं, किंवा सीपीयू-झेड हे फुकट सॉफ्टवेअर टाकून बघा. त्या मॉडेलची सीपीयू सपोर्ट लिस्ट कंपनीच्या साइटवर असते, कुठला प्रोसेसर कुठल्या बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) व्हर्जनपासून चालतो तेही तिथेच लिहिलेलं असतं. सॉकेटचं, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेचं, नाव सारखं आहे म्हणून घेऊ नका, इंटेलच्या सहाव्या-सातव्या जनरेशनचा सॉकेट ११५१ आणि आठव्या-नवव्याचाही ११५१, तरी एच११० बोर्डवर आठव्या जनरेशनचा आय५ चालत नाही.

आपल्याकडे असेम्बल केलेल्या पीसीत एच६१ बोर्ड आणि आय३-३२२० ही जोडी अजून भरपूर दिसते. त्यावर जास्तीत जास्त आय७-३७७० जातो, ४ कोअर ८ थ्रेड, म्हणजे दुप्पट, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या मार्केटमध्ये वापरलेला शोधता येतो. नावात के असलेला घेऊ नका, तो ओव्हरक्लॉकिंगसाठी (ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवण्यासाठी) असतो आणि एच६१ वर ते होतच नाही. पण मर्यादा बघा, रॅम डीडीआर३ आणि कमाल १६ जीबी, डिस्क जोडायचे साटा पोर्ट ३ गिगाबिटचे त्यामुळे एसएसडीसुद्धा साधारण निम्म्या स्पीडने चालते (तरी हार्ड डिस्कपेक्षा कितीतरी बरी). आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, विंडोज ११ ला इंटेलची आठवी जनरेशन किंवा पुढची लागते, सो आय७ टाकूनही तो प्रश्न तसाच राहतो. म्हणून इथे प्रोसेसर अगदी स्वस्त मिळाला तरच घ्या, एसएसडी आणि ८ जीबी रॅम झाल्यावर, आणि हजारो रुपये जाणार असतील तर ते पुढच्या पीसीसाठी बाजूला ठेवा.

एएमडी ही प्रोसेसर बनवणारी दुसरी कंपनी, तिच्या एएम४ सॉकेटच्या बोर्डचं उलटं आहे, तिथे मी बिनधास्त हो म्हणेन. रायझन ३ १२०० असलेल्या बी३५० किंवा ए३२० वर बायोस अपडेट करून बऱ्याच बोर्डांवर रायझन ५ ५६०० जातो, ४ थ्रेडवरून थेट १२ थ्रेड, वॅट तेच ६५, आणि पहिल्या जनरेशनचे रायझन विंडोज ११ च्या यादीत नाहीत पण हा आहे. फक्त वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल तर साधा ५६०० घेऊ नका, त्याला डिस्प्ले आउटपुटच नाही, तुम्हाला ५६००जी लागेल. इंटेलच्या नावाच्या शेवटी एफ असलेल्या मॉडेल्सचंही तेच.

बदलायचं ठरलं तर बायोस अपडेट जुना प्रोसेसर बोर्डवर असतानाच करा आणि पीसी यूपीएसवर ठेवून करा, मधेच लाइट गेली तर बोर्ड कामातून जाऊ शकतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क लॉक) चालू असेल तर रिकव्हरी की आधी लिहून घ्या, विशेषतः एएमडीत नवीन प्रोसेसर टाकल्यावर टीपीएम (की सांभाळणारा सुरक्षा भाग) रिसेट करू का असं विचारतं आणि की नसेल तर डेटा अडकतो. एएम४ चा कूलर सरळ वर ओढू नका, पीसी थोडा वेळ चालवून प्रोसेसर आणि कूलरमधली थर्मल पेस्ट गरम होऊ द्या, बंद करून प्लग काढा, मग कूलर हळू डावीकडे-उजवीकडे फिरवत सोडवा, नाहीतर प्रोसेसर सॉकेटमधून कूलरला चिकटूनच बाहेर येतो आणि पिना वाकतात. इंटेलच्या सॉकेटमध्ये पिना बोर्डवर असतात, तिथे बोट अजिबात लावू नका.

नवीन थर्मल पेस्ट मटारच्या दाण्याएवढी पुरते. पीसी चालू झाला की पूर्ण लोड देऊन दहा-पंधरा मिनिटं टेम्परेचर बघा, ९० अंशांच्या वर चढत असेल तर बंद करा आणि इंटेलच्या कूलरच्या चारही पिना बोर्डच्या मागून तपासा, एखादी अर्धवट बसलेली असते.