ब्रश टेकवायचा तो हिरडीच्या कडेला

प्लाक म्हणजे दातात अडकलेलं अन्न नव्हे. तो जिवाणूंचा पांढुरका, चिकट थर असतो. चूळ भरून तो जात नाही, घासूनच सुटतो. हिरडीलगत दातावर नख फिरवून पाहा. नखाला लोण्यासारखं काही लागलं तर ते हेच. दाताच्या फुगीर भागावर तो फारसा टिकत नाही. दात आणि हिरडी जिथे मिळतात त्या खाचेत मात्र ठाण मांडतो, आणि नेमकी तीच जागा घाईत सुटते.

ब्रश घेताना 'सॉफ्ट' घ्या. त्याचे केस साधारण 0.2 मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे ते वाकून खाचेत शिरतात. 'हार्ड'चा जाड केस वाकत नाही. खाच सोडून हिरडीच सोलतो. डोकं 25 ते 30 मिलिमीटर लांब पुरे, मोठं डोकं शेवटच्या दाढेपर्यंत पोहोचतच नाही. केसांची टोकं गोलसर केलेली हवीत. मुठीची नक्षी आणि केसांचे रंग यांना आमच्या लेखी काही किंमत नाही.

आता पद्धत. न्यू ऑर्लीन्सच्या डॉ. चार्ल्स बास यांनी 1954 साली मांडलेली रीत थोड्या फरकाने आजही शिकवली जाते. केसांची टोकं हिरडीकडे करून ब्रश 45 अंशांत तिरका टेका. अर्धी टोकं हिरडीवर, अर्धी दातावर. टोकं जागची न हलवता ब्रश दहा-पंधरा वेळा नुसता थरथरवा. मग मनगट वळवून चावण्याच्या बाजूकडे झाडल्यासारखा ओढा. दोन-तीन दात झाले की पुढे सरका. पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. वरच्या शेवटच्या दाढेची बाहेरची बाजू घासताना तोंड अर्धवट मिटा आणि जबडा त्याच बाजूला सरकवा, म्हणजे गालात जागा होते.

सुरुवात खालच्या दातांच्या आतल्या बाजूने करा. तिथे लाळेच्या ग्रंथी उघडतात, त्यामुळे किटण लवकर धरतं. आणि शेवटी ठेवलेली जागा उरकली जाते. वेळ दोन मिनिटं, दिवसातून दोनदा. रात्रीचं घासणं चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते.

दाब किती? स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ब्रश दाबून पाहा; 150 ग्रॅमच्या आसपास पुरे. केस बाजूंना फाकले तर जोर जास्त झाला. जोर लावून आडवं घासणाऱ्यांच्या दाताच्या मानेवर पाचरीसारखी खाच पडते, मग गार पाणी झोंबतं. उजव्या हाताने घासणाऱ्यांमध्ये ही खाच बहुधा डाव्या सुळ्यापाशी दिसते. मशेरी आणि राखुंडीने झीज वाढते. मशेरीत तंबाखूही असते, ती सोडाच.

हिरडीतून रक्त आलं म्हणून तिथे घासायचं थांबवू नका. ती बहुतेक वेळा प्लाकमुळे आलेली सूज असते आणि नीट घासल्यावर आठवडा-दोन आठवड्यांत उतरते. तरीही रक्त येत राहिलं तर दंतवैद्याला दाखवा.

दोन दातांच्या फटीत नेहमीचा कुठलाच ब्रश पोहोचत नाही. तिथे रोज एकदा फ्लॉस, म्हणजे दातांच्या फटीत फिरवायचा बारीक दोरा, घाला; फट मोठी असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे फटीत घालायचा बारीक ब्रश. केस फाकले की, किंवा तीन-चार महिन्यांनी, ब्रश बदला. आपलं कुठे सुटतं हे पाहायचं असेल तर प्लाक रंगवणारी गोळी चावून चूळ भरा आणि आरशात बघा: जिथे गुलाबी दिसेल तिथे ब्रश पोहोचलेला नाही.