आज्ञा नको, पर्याय द्या : आश्रयगृहात योग शिकवू पाहणाऱ्या मैत्रिणींसाठी

घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांच्या आश्रयगृहातल्या माझ्या पहिल्या तासाला मी अकरा जणींना उताणं झोपवलं, दिवे मालवले, दार लावलं आणि म्हणाले, "डोळे मिटा. अंग सैल सोडा." सवयीने सतरंज्यांमधून फिरत राहिले. एकीचे खांदे आखडलेले दिसले म्हणून वाकून हलकेच दाबले. ती ताडकन उठून भिंतीला जाऊन टेकली, दोन्ही हात तोंडावर. बाकीच्याही उठून बसल्या. तोवर सहा वर्षं मी योग शिकवत होते. पण अंधार, बंद दार, मागून येणारी पावलं, न विचारता अंगावर पडलेला हात हे सगळं त्या बाईने घरात भोगलेलं असेल, हा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता.

म्हणून या कामात येणाऱ्यांना मी आसनांच्या आधी भाषेबद्दल सांगते. आपला योगवर्ग चालतो आज्ञार्थावर. पाय उचला, श्वास घ्या, रोखा, सोडा. जिने वर्षानुवर्षं 'ऊठ', 'बस', 'गप्प राहा' हेच ऐकलंय, तिच्या कानाला दोन्हींत फरक वाटत नाही. मी माझी वाक्यं एकेक करून बदलली. "हवं तर हात वर न्या, नाहीतर मांडीवरच राहू द्या." "डोळे मिटावेसे वाटले तर मिटा, नाहीतर समोरच्या फरशीकडे बघा." सुरुवातीला जीभ अडखळते. बायकाही गोंधळतात. "ताई, तुम्हीच सांगा ना, काय करू?" असं विचारतात. तिथे घाईने उत्तर देऊ नका. दोन्ही करून बघा, बरं वाटेल ते ठेवा, एवढंच म्हणा. एक मावशी दीड महिना जे सांगेन ते मुकाट्याने करत होत्या. एके दिवशी म्हणाल्या, "आज नको." आणि खिडकीशी बसून राहिल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की वर्ग चाललाय.

हे माझ्या मनचं नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या ट्रॉमा सेंटरमध्ये डेव्हिड इमर्सन यांनी याच तत्त्वावर योगाची पद्धत घडवली. मानसोपचारतज्ज्ञ बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, उपचारांना दाद न देणारा आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. १० आठवड्यांनंतर योग करणाऱ्या ३१ पैकी १६ जणी त्या विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या. योग न करणाऱ्या दुसऱ्या गटात २९ पैकी ६. अभ्यास लहान आहे, आणि योग तिथे इतर उपचारांच्या जोडीला होता. समुपदेशन सोडून योग करा, असं कुणाला कधीही सांगू नका.

आता शरीराचं. श्वास रोखून धरायचा कुंभक आणि हनुवटी छातीशी टेकवून गळा आवळणारा जालंधर बंध मी पूर्ण वगळते, कारण गळा दाबला गेलेल्या बाया वर्गात असतात आणि श्वास अडला की त्या पुन्हा त्याच क्षणात जातात. कपालभातीही नको. भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायची भ्रामरी चालते, पण बोटं कानांत न घालता, डोळे उघडे ठेवून. शवासनाऐवजी कुशीवर पडणं किंवा भिंतीला पाठ टेकून बसणं. सतरंज्या अशा घाला की प्रत्येकीला दार दिसेल. मी एका जागी उभी राहते, हात लावत नाही. परवानगी विचारूनही नाही, कारण 'नाही' म्हणायची सवय मोडून गेलेली बाई 'हो' म्हणते. कानफटात बसलेल्या माराने एका कानाने कमी ऐकू येणाऱ्या असतात, मनगट किंवा बरगडी मोडून जुळलेल्या असतात. संस्थेच्या समुपदेशक ताईंकडून एवढं आधी विचारून घ्या. बाकी कहाणी विचारू नका. तिने आपणहून सांगितली तर ऐका, पण 'जुळवून घे' हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत.

कायद्याची तोंडओळख हवीच. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्या कायद्याखालचे संरक्षण अधिकारी काय करतात, १८१ ही महिला हेल्पलाइन कशासाठी, हे ठाऊक असलं की वर्गानंतर कुणी दबक्या आवाजात विचारलं तर नेमका रस्ता दाखवता येतो. सल्ला देणं आपलं काम नाही.

२१ जूनचा योग दिन जवळ आला की फोटोंची मागणी होते. मी ठाम नकार देते. मागे दिसणाऱ्या एका खिडकीवरूनसुद्धा नवऱ्याला पत्ता लागू शकतो. बायकांचा व्हॉट्सअ‍ॅप गटही करू नका. आणि बाहेरून वर्गाला येणारी जी अजून सासरीच नांदतेय, तिला 'घरी रोज सराव करा' सांगण्याआधी घरात काय होईल ते तिलाच विचारा. सतरंजीवर बसली म्हणून मार खाल्लेली बाई मी पाहिली आहे.

मानधन तुटपुंजं असतं, कधी नसतंच. त्याहून जड जातं ते वेगळंच. बायका न सांगता जातात. कुणाचा भाऊ येतो, कुणाला दुसऱ्या गावी हलवतात, कुणी परत नवऱ्याकडे जाते. म्हणून बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आखत बसू नका, प्रत्येक तास स्वतःपुरता पुरा व्हायला हवा. मी शेवटची दहा मिनिटं एकच गोष्ट करते. खुर्चीत बसायचं, तळपाय जमिनीवर टेकवायचे, टाचा हळूच दाबायच्या, श्वास जरा लांब सोडायचा. साडीत, चपला घालून, कोर्टाच्या बाकावर, समोर तो उभा असताना, कुणाला कळूही न देता करता येतं.