ज्युडो नवीन सुरू केलंय? मग या चुका टाळा

पहिल्या दिवसापासून सगळ्यांना एकच घाई असते, थ्रो कधी शिकवणार? आणि सर मात्र नुसतं पडायला लावतात. कंटाळा येतो हे मान्य, पण उकेमी म्हणजे पडायची पद्धत कच्ची ठेवून पुढे जाणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे. तोल गेला की हात आपोआप जमिनीकडे जातो, अख्खं वजन त्या एका हातावर येतं आणि मनगट नाहीतर कॉलरबोन जातं. म्हणून हनुवटी छातीकडे, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर, हात अंगापासून साधारण 45 अंशात आणि नुसता पंजा नाही तर पूर्ण हात मॅटवर आपटायचा, श्वास सोडत. तरीही डोकं मागे टेकतंय? मग उभ्याने करूच नका, उकिडवं बसून मागे लोळायची प्रॅक्टिस करा, लाज वाटायचं काही कारण नाही.

दुसरी तक्रार, थ्रो बसतच नाही. यात बहुतेक वेळा ताकद कमी नसते, उलट ताकदच जास्त लावलेली असते. ज्युडोचे जनक जिगोरो कानो स्वतः अंगाने लहानखुरे होते, 1882 मध्ये टोकियोच्या एइशोजी मंदिरात 12 तातामींच्या, म्हणजे 12 जपानी चटयांच्या जागेत त्यांनी कोदोकान ही आपली ज्युडोची शाळा सुरू केली आणि त्यांच्या शिकवणीचा गाभाच हा, की समोरच्याचा तोल आधी मोडायचा आणि मग फेकायचं. तोल मोडणं म्हणजे कुझुशी, मग आत शिरून जागा घेणं म्हणजे त्सुकुरी, आणि शेवटी प्रत्यक्ष फेक म्हणजे काके. नवीन मुलं थेट काकेवर उडी मारतात!! त्यावर उपाय उचिकोमी, म्हणजे फेकायच्या आधी थांबून तेवढाच भाग पुन्हा पुन्हा करणं. ओगोशी, म्हणजे कंबरेवरून फेकायचा थ्रो करताना पार्टनरला पुढे खेचलं की त्याच्या टाचा उचलल्या जातायत का ते बघा, नसतील तर तोल मोडलेलाच नाही. टाचा उचलल्या तरी तो जड लागतोय, तर गुडघे वाकवा, तुमची कंबर त्याच्या कंबरेच्या खाली गेलीच पाहिजे.

रांदोरीत, म्हणजे पार्टनरबरोबरच्या मोकळ्या सरावात हात ताठ करून समोरच्याला लांब ठेवणारे तर खूप दिसतात. पडत नाही हे खरं, पण त्यात शिकणंही होत नाही. ज्युडोमधल्या 'जु'चा अर्थच मऊपणा, तो ढकलतोय तर अडवू नका, त्याच दिशेने ओढा. पडलात तर पडलात, उकेमी त्यासाठीच शिकलोय ना आपण.

टॅप, म्हणजे हार मानल्याची थाप, उशिरा करू नका हो, प्लीज. आर्मलॉकमध्ये कोपर ताणलं गेलं की दुखायची वाट न बघता दोनदा थाप मारा, हात अडकले असतील तर 'माइत्ता', म्हणजे 'हरलो', म्हणा. आणि लॉक लावणाऱ्यानेही हळूच लावावा, कानोंनी 'जिता क्योएइ' म्हणजे दोघांचं मिळून भलं हे तत्त्व ठेवलंय, पार्टनर जखमी होऊन घरी बसला तर तुम्ही कोणाबरोबर शिकणार?

बाकी नखं कापलेली हवीत, अंगठी-कडं काढून ठेवा, आणि बाहीच्या आत बोटं घालून पकडू नका, मॅचमध्ये पेनल्टी बसतेच आणि बाही पिरगळली गेली तर बोट मोडायला क्षणही लागत नाही.