मरणोत्तर सोव्हिएत पदकाचा शोध कसा घ्यावा

दाभोळ, हर्णै, देवगड, वेंगुर्ले या पट्ट्यातील पुष्कळ घरांतली माणसे पिढ्यान्‌पिढ्या जहाजांवर नोकरी करत आली आहेत, आणि ओडेसा किंवा व्लादिवोस्तोक ही नावे त्या घरांना परकी नाहीत. नौदलात भरती झालेल्यांपैकी काहींनी तर सोव्हिएत संघात राहून प्रशिक्षण घेतले. आपली पहिली पाणबुडी ‘कलवरी’ 8 डिसेंबर 1967 रोजी रीगा बंदरातच नौदलात दाखल झाली आणि 1971 च्या युद्धातील क्षेपणास्त्र नौकांच्या नौसैनिकांची तयारी व्लादिवोस्तोकला झाली होती. म्हणूनच एखाद्या जुन्या ट्रंकेच्या तळाशी भेटीदाखल आलेले किंवा बंदराच्या बाजारात घेतलेले, लाल मिन्याचे तारांकित पदक निघते आणि ते कोणाचे होते हे घरात कोणालाच सांगता येत नाही. असे पदक एखाद्या सैनिकाला मरणोत्तर दिले गेले होते का, हे बऱ्याच वेळा शोधून काढता येते. मात्र त्यासाठी घाई टाळून, एका पुराव्यावरून दुसऱ्या पुराव्याकडे जावे लागते.

सर्वांत आधी पदक घासू नये. आपल्याकडच्या खाऱ्या, दमट हवेत चांदी काळी पडते आणि ती उजळवण्याचा मोह होतो. परंतु चिंच, कोकम किंवा भांड्यांची पावडर लावली की मिन्याच्या कडा सुटतात आणि मागच्या बाजूला हाताने कोरलेला क्रमांक झिजतो. तो क्रमांक गेला तर सैनिकापर्यंत जाणारी वाटच बंद होते. मागची फिरकी गंजून घट्ट बसली असेल तर पक्कड लावू नये. क्रमांक वाचण्यासाठी पदक पडवीत सकाळच्या तिरप्या उन्हात उलटे ठेवावे, मोबाइल अगदी वर धरावा, आणि पदक थोडे थोडे फिरवत पाच-सहा छायाचित्रे घ्यावीत. प्रकाश बाजूने आला की कोरीव रेषेच्या एका काठावर सावली पडते आणि समोरून न दिसणारा आकडा उठून दिसतो. एक आणि सात, तसेच तीन आणि आठ या आकड्यांबाबत शंका राहिली तर दोन्ही वाचने लिहून ठेवावीत.

त्यानंतर पदक कोणते हे ठरवावे, कारण सर्वच पदकांचा माग काढता येत नाही. स्टालिनच्या चेहऱ्याचे ‘जर्मनीवरील विजयाबद्दल’ हे पितळी पदक 9 मे 1945 रोजी सुरू झाले, ते जवळजवळ दीड कोटी लोकांना मिळाले आणि त्यावर क्रमांक नसतो. सोबतचे प्रमाणपत्र हरवले असेल तर ते कोणाचे हे कळण्याचा मार्ग उरत नाही. याउलट ऑर्डर ऑफ द रेड स्टार, ऑर्डर ऑफ ग्लोरी किंवा ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर या ‘ऑर्डर’ म्हणजे साध्या पदकाहून वरच्या दर्जाच्या सन्मानचिन्हांच्या पाठीवर क्रमांक असतो. ‘शौर्याबद्दल’ हे 1938 साली सुरू झालेले चांदीचे पदक दुसऱ्या महायुद्धाच्या काळात दिलेले असेल तर त्यावरही सहसा क्रमांक सापडतो.

मरणोत्तर पुरस्काराच्या दृष्टीने ऑर्डर ऑफ द पॅट्रिऑटिक वॉर सर्वांत महत्त्वाची आहे, आणि तिच्याकडे अधिक बारकाईने पाहावे असे मला वाटते. ती 20 मे 1942 रोजी दोन श्रेणींत स्थापन झाली: लाल ताऱ्यामागून निघणारे किरण प्रथम श्रेणीत सोनेरी आणि द्वितीय श्रेणीत रुपेरी असतात, आणि त्यांवर एक रायफल व एक तलवार एकमेकींना छेदतात. सैनिक गेल्यावर त्याच्या कुटुंबाने स्मृती म्हणून स्वतःजवळ ठेवावी अशी ही पहिली सोव्हिएत ऑर्डर होती; इतर ऑर्डर 1977 पर्यंत मृत्यूनंतर सरकारकडे परत कराव्या लागत. युद्धकाळातली पॅट्रिऑटिक वॉर हाती आली तर ती एखाद्या विधवेने किंवा आईने जपलेली असण्याची शक्यता खरी आहे, तर रेड स्टार हाती आला तर तो बहुधा सैनिकाने जिवंतपणी स्वतःच्या छातीवर लावलेला असतो. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. विजयाच्या चाळिसाव्या वर्षी, 1985 मध्ये, हीच ऑर्डर हयात असलेल्या माजी सैनिकांना लाखोंच्या संख्येने देण्यात आली. प्रथम श्रेणीच्या पदकावर सात आकडी क्रमांक असेल तर ते 1985 चे समजावे, आणि मग मरणोत्तराचा प्रश्नच मिटतो.

पदक आपल्याच आजोबांना मिळाले होते अशी समजूत काही घरांत असते. हे सर्वस्वी अशक्य नाही, कारण इराणमार्गे सोव्हिएत संघाला रसद पोहोचवणाऱ्या रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअरमधील सुभेदार नारायणराव निक्कम आणि हवालदार गजेंद्रसिंह चंद यांना 1944 साली ऑर्डर ऑफ द रेड स्टार देण्यात आली होती. परंतु असा सन्मान इतका विरळा होता, की आजोबांच्या सेवापुस्तिकेत किंवा त्यांच्या रेजिमेंटच्या नोंदींत त्याचा उल्लेख सापडल्याशिवाय तसे मानू नये.

क्रमांकावरून नावाकडे जाण्याचा सरळ मार्ग म्हणजे पदकासोबतची छोटी पुस्तिका. तिच्यात नाव, पदक आणि क्रमांक एकत्र नोंदलेले असतात. ती ट्रंकेत, जुन्या पासपोर्टात, पत्रांच्या गठ्ठ्यात कसोशीने शोधावी. ती नसेल तर क्रमांकाची नोंद रशियन संरक्षण मंत्रालयाच्या पुरस्कार-कार्डांत असते. या मंत्रालयाचे मध्यवर्ती अभिलेखागार मॉस्कोजवळच्या पोदोल्स्क शहरात आहे, आणि तेथे चौकशी करताना पदकाचा प्रकार, क्रमांक आणि दोन्ही बाजूंची छायाचित्रे रशियन भाषेतील पत्रासोबत द्यावीत.

नाव हाती लागले की काम बरेच घरबसल्या होते. ‘पोद्विग नरोदा’ आणि ‘पाम्यात नरोदा’ या संकेतस्थळांवर युद्धकाळातील पुरस्कारांची मूळ कागदपत्रे छायाप्रतींच्या रूपात पाहता येतात, तर ‘मेमोरिअल’ या संकेतस्थळावर मृत व बेपत्ता सैनिकांच्या नोंदी आहेत. शोध मुख्यतः आडनाव, नाव, वडिलांचे नाव आणि जन्मवर्ष यांवर चालतो. इवान इवानोविच शेकडो निघतील, म्हणून जन्मवर्ष व जन्मगाव जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये. युक्रेनियन, कझाक, जॉर्जियन नावे कारकुनांनी निरनिराळ्या प्रकारे लिहिलेली असल्याने एकच नाव दोन-तीन प्रकारे लिहून पाहावे. छापील मजकूर मोबाइलच्या भाषांतर ॲपला बऱ्यापैकी समजतो. हाताने लिहिलेल्या मजकुरासाठी मात्र पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागातील किंवा मुंबईच्या रशियन सांस्कृतिक केंद्रातील जाणकारांची मदत घेणे श्रेयस्कर.

सर्वांत मोलाचा कागद म्हणजे शिफारसपत्र, रशियन भाषेत ‘नग्रादनोय लिस्त’. त्याच्या वरच्या भागात हुद्दा, तुकडी, जन्मवर्ष, कोणत्या भरती कार्यालयातून घेतले, किती वेळा जखमी झाला, आधीचे पुरस्कार कोणते आणि घरचा पत्ता हे रकाने असतात. त्याखाली पराक्रमाचे थोडक्यात पण नेमके वर्णन असते, आणि शेवटी वरिष्ठ अधिकाऱ्यांचे शेरे. हे शेरे वगळू नयेत, कारण खालच्या अधिकाऱ्याने मोठ्या सन्मानाची शिफारस केलेली असते आणि वर जाता जाता तो बदलून लहान होतो, असे वारंवार दिसते. माणगावचे स्मारक ज्यांच्या नावाने आहे त्या नाईक यशवंत घाडगे यांचे 10 जुलै 1944 चे इटलीतील शौर्य, शत्रूच्या मशीनगनवर एकट्याने घातलेली झडप आणि त्यानंतरचा मृत्यू, आपल्याला आज बारकाव्यांसह ठाऊक आहे ते असेच कोणीतरी कागदावर उतरवून ठेवले म्हणून. रशियन शिफारसपत्राकडेही त्याच आदराने पाहावे.

आता मुख्य निर्णय. तीन तारखा एकाखाली एक लिहाव्यात: शिफारसपत्र लिहिल्याची, पुरस्काराचा आदेश निघाल्याची, आणि ‘मेमोरिअल’मधील मृत्यूची. मृत्यू शिफारशीच्या आधीचा असेल आणि कागदावर ‘पस्मेर्त्ना’, म्हणजे मरणोत्तर, असा शेरा असेल तर पुरस्कार निःसंशय मरणोत्तर आहे. मृत्यू शिफारस आणि आदेश यांच्या मधला असेल तर सैनिकाची शिफारस तो जिवंत असताना झाली, पण निर्णय होईपर्यंत तो राहिला नाही. आदेशानंतर मृत्यू आला असेल तर पुरस्कार मरणोत्तर म्हणता येत नाही, जरी पदक त्याच्या हातात कधीच पडले नसले तरी. हा भेद किरकोळ वाटतो, पण ज्याच्याविषयी आपण लिहितो त्याच्या शेवटच्या आठवड्यांचे खरे चित्र त्यातूनच उभे राहते. मृत्यूची नोंदही एकाच कागदावरून मान्य करू नये. तुकडीचा अहवाल ‘बेपत्ता’ म्हणतो आणि इस्पितळाची नोंद ‘जखमांमुळे मृत्यू’ म्हणते, तेव्हा इस्पितळाची नोंद अधिक विश्वसनीय धरावी, कारण ती त्याला पाहिलेल्या माणसाने लिहिलेली असते.

दफनस्थळ आणि घरचा पत्ता मिळाला तर नातेवाइकांचा शोध घ्यावा. सोव्हिएत सैनिक म्हणजे रशियनच असे नाही; गाव आज युक्रेनमध्ये किंवा कझाकस्तानात असू शकते, म्हणून आधी आजच्या नकाशावर ते पाहून मग त्या गावच्या पंचायतीला किंवा स्थानिक संग्रहालयाला छायाचित्रांसह पत्र लिहावे. मूळ पदक टपालाने पाठवू नये. रशियन फौजदारी संहितेच्या कलम 324 नुसार सरकारी सन्मानचिन्हांची खरेदी-विक्री गुन्हा आहे, म्हणून पत्रात पैशांचा उल्लेखही नसावा, आणि पदक परत करण्याची इच्छा असेल तर आधी संबंधित देशाच्या दूतावासाकडून लेखी मार्गदर्शन घ्यावे. तोवर पदक मऊ सुती कापडात, सिलिका जेलच्या पुडीसह ठेवावे, आणि नाव, क्रमांक, तिन्ही तारखा व ज्या कागदावरून त्या मिळाल्या त्याचा अभिलेख क्रमांक असलेली चिठ्ठी त्याच डबीत घालावी.