तापमान नियंत्रकाचे पीआयडी ट्यूनिंग कसे करावे

सेन्सर पाण्यात पूर्ण बुडालेला आहे, ढवळणी चालू आहे आणि अतितापमान रोखणारा स्वतंत्र कटआउट काम करतो, याची खात्री झाल्याशिवाय नियंत्रकाला हात लावू नये. गोव्यातील कुंडई किंवा वेर्णा येथील लहान कारखान्यात ६० अंशांवर ठेवायची पाण्याची टाकी येथे उदाहरणादाखल घेतली आहे.

सेटपॉइंट म्हणजे हवे असलेले तापमान. त्यात आणि प्रत्यक्ष तापमानात जो फरक असतो, त्यावरून पीआयडी नियंत्रक हीटरचे आउटपुट तीन भागांत ठरवतो: प्रपोर्शनल (सध्याच्या फरकानुसार), इंटिग्रल (साठत गेलेल्या फरकानुसार) आणि डेरिव्हेटिव्ह (फरक बदलण्याच्या वेगानुसार). प्रथम इंटिग्रल आणि डेरिव्हेटिव्ह बंद करावे. उरतो तो गेन, म्हणजे दर अंश फरकामागे आउटपुट किती टक्के बदलते तो आकडा. नियंत्रक गेनऐवजी प्रपोर्शनल बँड (आउटपुट शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत जाण्यास लागणारा तापमानाचा पट्टा) दाखवत असेल, तर तो आकडा कमी केल्याने गेन वाढतो.

आता गेन थोडाथोडा वाढवत आणि दर वेळी सेटपॉइंट एखाद्या अंशाने बदलून, तापमानाची लाट न वाढता, न विरता चालू राहील असा गेन शोधावा. सुरुवातीच्या काळात मला सर्वाधिक झगडावे लागले ते याच टप्प्यावर, आणि बहुतेक सूचनापत्रके नेमका हाच टप्पा एका ओळीत उरकतात. प्रत्येक स्थिर लाट ग्राह्य नसते. हीटरचे आउटपुट शून्य आणि शंभर टक्के या दोन टोकांवर आपटत असेल, तर लाटेची उंची त्या टोकांमुळेच मर्यादित राहते. गेन आणखी वाढवला तरी लाट फारशी बदलत नाही, आणि नोंदवलेला गेन खऱ्यापेक्षा बराच मोठा निघतो. म्हणून तापमानाबरोबर आउटपुटचाही आलेख पाहावा आणि आउटपुट दोन्ही टोकांपासून दूर असतानाचीच लाट मोजावी. टोक गाठले गेल्यास गेन उतरवून, सेटपॉइंटमधील बदल लहान करून पुन्हा सुरुवात करावी. एका लाटेवर निष्कर्ष काढू नये. टाकी संथ असते, तिला वेळ द्यावाच लागतो.

समजा, दर अंशामागे ८ टक्के या गेनला ४ मिनिटांची लाट मिळाली. झिग्लर आणि निकोल्स यांच्या १९४२ च्या नियमानुसार पीआय (डेरिव्हेटिव्ह नसलेल्या) नियंत्रणासाठी गेन ३.६ आणि इंटिग्रल वेळ (तो जितका मोठा, तितका इंटिग्रल सौम्य) २०० सेकंद येतो. केवळ हीटर असलेल्या टाकीसाठी हे आकडे मी वापरत नाही, कारण सेटपॉइंटच्या वर गेलेले तापमान खाली आणण्याचे साधनच तिच्यात नसते. तायरस आणि लायबेन यांच्या अधिक सौम्य नियमाने गेन २.५ आणि वेळ ५२८ सेकंद येतो. तेथूनच सुरुवात करावी.

अँटी-वाइंडअप (आउटपुट टोकाला असताना इंटिग्रल साठू न देणारी सोय) चालू करावे; अन्यथा थंड टाकी तापत असताना साठलेला इंटिग्रल तापमानाला साठच्या बराच पुढे नेतो.

शेवटी पाण्याची आवक नेहमीइतकी सुरू करून तापमान कसे सावरते ते पाहावे. मे महिन्यात केलेली ही चाचणी पावसाळ्यात, आत येणारे पाणी थंड झाल्यावर, पुन्हा करावी.